लग्नाआधीच पैशांचं बोललात, राग नाही आला?

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाचदा तरी येतो. ऑफिसातल्या लग्न ठरलेल्या पोरी विचारतात, पुण्याची मामेबहीण विचारते, आणि एकदा तर पणजीला जाणाऱ्या कदंबा बसमध्ये शेजारी बसलेल्या ओळखीच्या काकूंनी विचारलं, ते पण मोठ्याने, अख्ख्या बसला ऐकू जाईल असं. आम्ही लग्नाआधी वकिलाकडे जाऊन पैशा-मालमत्तेचा करार केला हे आता गोव्यात, आमच्या डिचोलीत, सगळ्यांना माहितीय. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, हो, राग आला होता, पण होणाऱ्या नवऱ्याला नाही, मला.

त्याच्या आधीचं सांगायला हवं. मी कॉलेजात होते तेव्हा आईच्या माहेरचं घर विकायचं ठरलं. मामा, आई, दोन मावश्या, एवढेच वारस, तरी सह्या लागल्या आठ, कारण गोव्यात नवऱ्याची बायको आणि बायकोचा नवरा सही केल्याशिवाय जमीन-घर विकता येत नाही. आमच्या बाबांचा त्या घराशी संबंध काय, तर चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी जेवायला जायचे, पण तेही रांगेत उभे. धाकट्या मावशीचा नवरा मात्र कुवेतला, दोघं नऊ वर्षं वेगळी राहत होती, पण कायद्याने घटस्फोट झालेला नव्हता. त्याची पॉवर ऑफ अॅटर्नी यायला आठ महिने लागले, तोवर गिऱ्हाईक दोनदा पळायच्या बेतात आलं, आणि शेवटी ती आली ती मावशीच्या वाट्यातला अर्धा घेण्याच्या बोलीवरच आली. मावशीला भांडताही येईना कारण तो अर्धा कायद्याने त्याचाच होता. सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या पायरीवर बसून ती अंगठ्याची शाई रुमालाने पुसत होती, शाई कधीच गेली होती तरी पुसत होती. ते मी विसरले नाही.

आता कायदा थोडक्यात, कारण पुण्यामुंबईच्या लोकांना हे खरं वाटत नाही. पोर्तुगीजांचा १८६७ चा सिव्हिल कोड आमच्याकडे १८७० पासून लागू झाला, १९६१ ला पोर्तुगीज गेले, पण घरसंसाराचा कायदा तोच राहिला, आणि हिंदू असो की ख्रिश्चन की मुसलमान, मालमत्तेचा मूळ नियम एकच. लग्न झालं आणि वेगळं काही लिहून ठेवलं नसेल, तर दोघांचं सगळं एकत्र, आधीचं, नंतरचं, आजोबांकडून आलेलं पण, आणि त्यात दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा. इन्कम टॅक्सवाल्यांनाही हे मान्य आहे, त्यासाठी वेगळं कलमच आहे, पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं वाटून रिटर्न भरायचा. माझ्या भावाचं दुकान आहे, वहिनी गल्ल्यावर कधी बसलेली नाही तरी दुकानाचा निम्मा नफा तिच्या रिटर्नमध्ये दिसतो. (मला विचाराल तर हे बायकांसाठी चांगलंच आहे, मी कायद्याला नावं ठेवत नाहीये.)

म्हणून लोक म्हणतात ना "आम्हाला नाही बाई करार-बिरार करायचा", तेव्हा मला हसू येतं. तुम्ही नाही केलात तर सरकारने तुमच्यासाठी करून ठेवलाय की, फक्त तुम्ही वाचलेला नाही.

तर आमचं लग्न ठरलं. म्हापशाला मार्केटजवळ भाजी-पाव खाताना मी विषय काढला, मिरची-भजी गार होईपर्यंत मीच बोलत होते, माझी एफडी किती, पगार किती, आईला दर महिन्याला किती देते आणि लग्नानंतरही देणार, आणि डिचोलीच्या घरात माझा हिस्सा आहे तो मला असा तसा मिसळायचा नाही. तो म्हणाला ठीक आहे. एवढंच. दुसऱ्या भेटीत त्याने कारचं लोन सांगितलं. आणि तिसऱ्या भेटीत, निघता निघता, हेल्मेट घालताना, म्हणाला बाबांच्या दुकानाच्या कर्जाला मी गॅरंटर आहे, चौदा लाख. हेल्मेट घालताना! मी चार दिवस फोन उचलला नाही. रकमेचा राग नव्हता, दुकान बरं चालायचं, पण मी पहिल्याच दिवशी सगळं उघडं करून ठेवलं आणि याने तीन हप्त्यांत सांगितलं याचा राग. पुढे कळलं की त्याला ते कर्ज वाटतच नव्हतं, बाबांनी सांगितलं म्हणून सही केली होती, घरातलीच गोष्ट. आपल्याकडच्या मुलग्यांच्या निम्म्या सह्या अशाच असतात.

मग वकील. पहिला जो भेटला तो म्हणाला लग्न होऊन जाऊ दे, नंतर बघू. बरं झालं आम्ही दुसऱ्याला विचारलं, कारण हा करार लग्नाआधीच व्हावा लागतो, दस्त करून नोंदवून, आणि एकदा लग्न झालं की बदलता येत नाही. बाकी भारतात असा कागद कोर्टात टिकेलच याची खात्री नाही, इथे तो टिकतो, पण वेळ चुकली की गेलं. आम्ही पहिल्या सहीच्याही आधी उरकून घेतलं. (पहिली सही म्हणजे सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्न नोंदवायची, बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे दोनदा जावं लागतं.) पूर्ण वेगळं ठेवायचा पर्याय होता, तो मला नको वाटला, मग शेजारी राहिल्यासारखंच. आम्ही मधला घेतला, ज्याचं आधीचं आणि वारशाचं ते त्याचं, लग्नानंतर कमावू ते दोघांचं.

सासूबाई तेव्हा "लग्नाआधीच वाटणी?" एवढंच म्हणाल्या, आणि त्या दिवशी चहात साखर घालायला विसरल्या, मुद्दाम की कसं ते मी अजून विचारलेलं नाही.

आणि हो, करारात सगळं बसतं असं समजू नका. गेल्या महिन्यातच त्याच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला कुणी किती घालायचे यावरून आमचं दोन दिवस वाजलं. ते त्या सहा पानांत कुठेच नाही. शेवटी मी माझ्या एफडीतून दिले, तो परत करतो म्हणाला, मी नको म्हटलं, मग त्याने माझ्या आईच्या घराचं पत्र्याचं काम करून घेतलं पावसाआधी, आणि बिल मला दाखवलं नाही. मी पण मागितलं नाही, पण पत्रेवाल्याला विचारून घेतलंय.