हे टन ओल्या मालाचे की वाळल्या?

सांगलीत कृषी अर्थशास्त्र शिकवतो. त्या दिवशी मुलांना द्राक्षातली भारत आणि तुर्कस्तानची स्वयंपूर्णता काढायला दिली होती. उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, येईल त्याने उत्पादनाला भागून शंभराने गुणायचं. शंभराच्या वर म्हणजे देशात खपतं त्याहून जास्त पिकतं.

दोन्ही देशांचं पीक वर्षाला साधारण 35 ते 40 लाख टन. सोयीसाठी दोघांचं 35 लाख धरलं, आयात तूर्त बाजूला ठेवली. आपली ताजी निर्यात 3 लाख टनांच्या आसपास, म्हणजे भारत 109. तुर्कस्तानातून बहुतेक वर्षी 2 लाख टनांहून जास्त बेदाणा बाहेर जातो. मुलांनी 2 लाख तसेच वजा केले. तुर्कस्तान 106! वर्गात टाळ्या.

एक मुलगी उठली. घर कवठेमहांकाळकडचं, वडिलांचं बेदाण्याचं शेड. "सर, हे टन वाळल्या मालाचे आहेत. आमच्याकडे चार किलो द्राक्षं घालावी तेव्हा किलोभर बेदाणा निघतो."

खडू तिच्याच हातात दिला. तिने 2 चे 8 लाख केले आणि तुर्कस्तान 130 वर गेला.

मग तिला कोणी बसूच देईना. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवला की सालीवरचा मेणाचा थर सैल होतो, पाणी लवकर उडतं. मग शेडनेटखाली रॅकवर माल पसरायचा, हे तिने हात हलवून दाखवलं. तुर्कस्तानात मनिसाकडे हेच काम ऑगस्ट-सप्टेंबरच्या उन्हात, जमिनीवर पसरून चालतं, ते मी सांगितलं. वेल मात्र एकच. आपली थॉम्पसन म्हणजे त्यांचा सुलताना, आणि तास-ए-गणेश, माणिक चमन या जाती थॉम्पसनमधूनच निवडलेल्या.

"पण आपणही शंभराच्या वर आहोतच की," एकजण म्हणाला.

म्हटलं, आता उत्पादनाला माणसांनी भागा. 140 कोटींत माणशी अडीच किलो. तुर्कस्तानच्या साडेआठ कोटींत 41 किलो. वर्ग गप्प झाला. ज्याला द्राक्षं विकत घेणं परवडत नाही, तो या सूत्रात गरजू म्हणून धरलाच जात नाही. लोक कमी खातात म्हणूनही आकडा फुगतो, आणि मला याचा राग येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल एकदम आला की तासगावात भाव पडतात, बागायतदार नाइलाजाने बेदाण्याला घालतो. त्याला 109 ऐकवून काय उपयोग?

अफगाणिस्तानातून आपल्याकडे बेदाणा येतो, त्यालाही चारने गुणायला हवं, हे त्याच मुलीने काढलं. भारताची ओळ नव्याने मांडायची होती. पुढचा तास वनस्पतिरोगशास्त्राचा. त्या मॅडमकडून वीस मिनिटं मागून घेतली.