पीपाये, घाणा सातवा: लव काही पिच्छा सोडेना

लोकाट या फळझाडाच्या पानांच्या (चिनीत पीपाये) खोकल्यावरच्या चहाचा सातवा घाणाही फसला. रंग सुरेख उतरला, चेनपीचा (वाळवलेल्या संत्र्याच्या सालीचा) सुवास वर आला, लोहानगुओची (एका वाळवलेल्या गोड चिनी फळाची) गोडी बेताची. आणि तिसऱ्या घोटाला घशात लवेची, म्हणजे पानाखालच्या बारीक केसांची, तीच खवखव, कुसळ अडकल्यासारखी. खोकल्यावरचा चहा पिऊन खोकला! सहाव्या घाण्याच्या नोंदीत सगळं खापर गाळणीवर फोडलं होतं. ते चूक होतं. गाळणी शेवटची चौकी आहे, चोरी त्याच्या कितीतरी आधी होते.

नव्यांसाठी प्रमाण पुन्हा देतो, त्यात बदल नाही: पीपाये म्हणजे लोकाटची वाळलेली पानं १० ग्रॅम, चेनपी ३ ग्रॅम, गानचाओ (चिनी ज्येष्ठमध) ३ ग्रॅम, लोहानगुओचं पाव फळ. पानं ८०० मिली पाण्यात अर्धा तास भिजवायची, मोठ्या आचेवर उकळी आणायची आणि मग मंद आचेवर २० मिनिटं ठेवायची. गाळून त्याच पानांवर ५०० मिली पाणी घालून आणखी १५ मिनिटं. दोन्ही पाणी एकत्र केलं की साधारण ७०० मिली होतं. एका माणसाला दिवसभरात तीन वेळा पुरतं. भांडं मातीचं किंवा काचेचं, लोखंडाचं नको. आपल्याकडच्या काढ्याच्या सवयीने पाव हिस्सा उरेपर्यंत आटवू नका. पान तुरट आहे, आटवलं की जीभ सुकते आणि लोहानगुओचा गोडवाही कडवट वाटायला लागतो.

आता लव. लोकाटचं पान वरून गुळगुळीत असतं आणि खालून तांबूस-पिवळट लवेने गच्च भरलेलं. ही लव पाण्यात विरघळत नाही. ती विषारी वगैरे नाही, पण घशाला टोचते आणि टोचलं की खोकला येतो. चिनी वैद्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इ. स. ६५९ मध्ये तांग दरबाराने तयार करवलेल्या औषधिग्रंथाचा संपादक सू गोंग बजावतो, की पान आगीवर शेकून कापडाने लव पुसा, नाहीतर ती फुफ्फुसात शिरेल आणि खोकला थांबणारच नाही. पुढे १५९६ मध्ये छापलेल्या वैद्य ली श्रजेनच्या औषधिग्रंथात हेच येतं आणि सोबत राळ्याच्या काडांचा ब्रश करण्याची युक्तीही येते. म्हणजे जवळजवळ चौदाशे वर्षांमागे लिहून ठेवलेली चूक आपण सातव्यांदा केली.

चूक नेमकी कुठे झाली? पानं चिरलेली घेतली. पाच-दहा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या, पाकिटावर ‘लव काढलेली’ असा शिक्का. दहापट भिंगाखाली पट्टी उलटी धरली तर शिरांच्या माथ्यावर लव खरंच नाही, पण दोन शिरांमधल्या खाचेत ती नमद्यासारखी दाबून बसलेली. यंत्राचा ब्रश उंचवट्यावरून फिरतो, खाचेत उतरत नाही. पट्टी झाल्यावर हातानेही काही करता येत नाही, कारण धरायला जागाच नसते. वर प्रत्येक चिरलेल्या कडेला सैल झालेली लव लोंबत असते आणि उकळीत सगळ्यात आधी तीच सुटते. विक्रेता बदलून उपयोग नाही. यापुढे अख्खी पानंच आणायची, जाड आणि जून. कोवळ्या पानावर लव फार आणि वजन कमी.

अख्खी पानं घासताना ओल महत्त्वाची. कोरडंठाक पान ब्रशखाली तडकतं आणि लव हवेत उडते (मास्क लावा, पंखा बंद करा, हे काम गॅलरीत करा). पान ओलंचिंब असेल तर लव पानाला चिकटून बसते आणि ब्रश तिच्यावरून नुसता सरकतो. मधली अवस्था अशी साधते: पानांवर पाण्याचा हलका फवारा मारायचा, ओल्या पंचात गुंडाळून ४० मिनिटं ठेवायचं. पान दुमडलं तर मोडू नये, पण बोटाला पाणी लागू नये. मग नारळाच्या काथ्याचा ब्रश घेऊन मधल्या शिरेपासून कडेकडे, आडव्या शिरांच्या दिशेनेच घासायचं. शिरांना छेद देत घासलं की ब्रश पुन्हा माथ्यावरूनच जातो. दात घासायचा मऊ ब्रश निरुपयोगी आहे, तारेचा ब्रश पान फाडतो. १०० ग्रॅम पानांना तासाहून जास्त वेळ लागतो आणि शेवटी बशीभर भुरकट कापूस जमतो. तो कापूस पाहिला की पाकिटावरच्या शिक्क्याची किंमत कळते.

गाळण्याबद्दल. चिनी पद्धतीत पीपाये पोटलीत बांधून उकळतात, ते योग्यच आहे. पण दुहेरी मलमलही पुरत नाही, कारण लव सुईसारखी टोकाने घुसते. पोटली सैल बांधा म्हणजे पानं आत फुगतील. खळखळ उकळू नका, आणि काही झालं तरी पोटली पिळू नका! पिळल्याने मिळणारे चार चमचे म्हणजे लवेचा अर्कच. चहाच्या स्टीलच्या गाळणीबद्दल तर बोलायलाच नको.

कॉफीच्या गाळणकागदातून लव थांबते, पण मागच्या घाण्यात कागद २०० मिलीनंतर तुंबायचा. कारण आता सापडलं: लोहानगुओचा गर. तो कागदाची भोकं बुजवतो. म्हणून पानांचं पाणी एकटं उकळायचं, अर्धा तास न हलवता ठेवायचं, तळाचं दोन बोटं पाणी सोडून वरचं कागदातून गाळायचं आणि मगच त्यात लोहानगुओ, चेनपी आणि गानचाओ घालून १० मिनिटं मंद उकळायचं. या घाण्यातल्या उरलेल्या पानांवर हे करून पाहिलं. वरचं सगळं पाणी एका कागदात उतरलं. सातव्या घाण्यातलं एवढंच यश, पण पक्कं.

तपासणीही आता नुसती घशावर सोडायची नाही. काळ्या ताटलीत पाच मिली चहा घ्या, खोलीत अंधार करा आणि टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरा. लवेचे वाकडे धागे चमकतात आणि मोजता येतात. चेनपीचे कण गोलसर दिसतात, त्यांच्याशी गल्लत होत नाही.

मध घालून परतण्याबद्दल दोघातिघांनी विचारलं होतं. कोरड्या खोकल्यासाठी चिनी औषधशाळांत पीपाये मधावर परततात, प्रमाण १०० भाग पानांना २० भाग मध. घरी ५० ग्रॅमला १० ग्रॅम. एवढा मध सगळ्या पानांना पुरत नाही असं वाटतं आणि हात सुटतो. मग पानं चिकट गोळा होतात, तळ जळतो आणि चहा करपट लागतो. मध वाढवायचा नाही, उकळत्या पाण्याच्या दोन चमच्यांनी पातळ करायचा, पानांना चोळून अर्धा तास मुरवायचा आणि हाताला चिकटेनासा होईपर्यंत मंद आचेवर परतायचं. पण मधाने लव पानाला चिकटून राहते हा समज सोडा. मध म्हणजे डिंक नव्हे. पहिल्या उकळीत तो पाण्यात जातो आणि लव मोकळी होते.

आठवा घाणा या मधावरच्या पानांचाच ठरला होता. पण जुन्या कृती चाळताना लेई श्याओची कृती पुन्हा वाचली (हा जुना चिनी औषधकार, त्याला पाचव्या शतकातला मानतात). तो जाड्याभरड्या कापडाने लव पुसतो, मग पान गानचाओच्या काढ्याने एकदा धुतो, पुन्हा टिपून कोरडं करतो आणि पानाच्या वजनाच्या पाव पट लोणी लावून शेकतो. लोण्याचं राहू दे, इतक्या तेलकट पानाचा चहा कोण पिणार. पण गानचाओने धुणं कशासाठी? गानचाओ म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाचा सख्खा भाऊ, आणि ज्येष्ठमधाचं पाणी हलवलं की रिठ्यासारखा फेस येतो. सैल झालेली लव तो फेसच उचलून नेत असेल का? साध्या पाण्याने धुतलं की लव पानालाच चिकटते, हे आपण पाहिलंच आहे. रिठाच का नको, असं कुणीतरी विचारेलच. त्याचा कडूपणा पानातून जात नाही आणि तो स्वतःच घशाला झोंबतो, म्हणून नको.

म्हणून मधाचा बेत नवव्यावर ढकलला. आठव्यात एकाच गठ्ठ्यातल्या ९० ग्रॅम अख्ख्या पानांचे तीन वाटे: एक नुसता घासलेला, दुसरा घासून साध्या पाण्याने धुतलेला, तिसरा घासून ज्येष्ठमधाच्या पाण्याने धुतलेला (५ ग्रॅम ज्येष्ठमध, एक लिटर पाणी, १० मिनिटं उकळून कोमट केलेलं). पानं धुऊन सावलीत पूर्ण वाळवायची, मग चिरायची. तिन्ही वाट्यांना कागद लावायचा नाही, फक्त मलमल, नाहीतर फरक दिसणारच नाही. या तीन पाण्यांचं फक्त मोजमाप करायचं, ती प्यायची नाहीत.

जाता जाता चुआनबेई, म्हणजे खोकल्यावरचा एक चिनी औषधी कंद; सोंगबेई हा त्याचाच एक प्रकार. नाशपातीत शिजवायला सोंगबेई घेणार असाल तर दाण्याची घडण पाहा: मोठ्या पाकळीच्या कुशीत छोटी पाकळी चंद्रकोरीसारखी बसलेली असते. तयार भुकटी घेऊ नका, तिची ओळख पटवता येत नाही आणि या भावात भेसळ नसेल तरच नवल. दाणे घरीच कुटा, एका वेळी १-२ ग्रॅम भुकटी पुरते, ती शेवटी घालायची.

‘फुफ्फुसं साफ होतात का?’ हा प्रश्न दर नोंदीखाली येतो. या चहाने घसा ओलसर राहतो आणि उबळ थोडी हटते, यापलीकडे छातीठोक काही म्हणता येत नाही. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर क्षयाची तपासणी करून घ्या. कफात रक्त, धाप किंवा ताप असेल तर तेवढीही वाट पाहू नका. रक्तदाब असलेल्यांनी गानचाओ वगळावं, रोज घेतलं तर ते दाब वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीही नको.

ब्रश तिन्ही वाट्यांना तोच, प्रत्येक पानाला ५० हात, टॉर्च त्याच कोनात. काळ्या ताटलीवरचे धागे मोजून झाले की तीन आकडे इथे येतील.