‘दोनच मिली तर द्यायचे आहे’

तान्ह्या बाळाच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत शेवटचे टाके पडत असताना सर्जन जखमेत टोचायला ब्युपिव्हाकेन हे जागा बधिर करणारे औषध मागतात आणि ‘दोनच मिली तर द्यायचे आहे’ असे म्हणतात, तेव्हा भूलतज्ज्ञाने विचारावे, किती टक्क्यांचे? ०.५ टक्के द्रावणाच्या एका मिलीत ५ मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे त्या दोन मिलींचे १० मिलिग्रॅम होतात. बाळ तीन किलोचे असेल तर हे किलोमागे तीन मिलिग्रॅमहून अधिक झाले. मोठ्या मुलांतही एका वेळी २.५ च्या पुढे जायचे नसते आणि सहा महिन्यांखालील बाळात ही मर्यादा आणखी किमान तीस टक्क्यांनी खाली आणावी लागते. शिवाय सुरुवातीला कॉडल, म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाशी याच औषधाचे इंजेक्शन, दिलेला असतो. ०.१२५ टक्क्यांचे तीन मिली दिले असले तरी ३.७५ मिलिग्रॅम आधीच खर्ची पडलेले असतात. म्हणून सर्जनचे आणि आपले औषध एकाच खात्यात, मिलिग्रॅममध्येच, आणि चिरा देण्याआधी फळ्यावर लिहावे, असा माझा आग्रह असतो.

नवजात बाळाच्या रक्तात अल्फा-१ ॲसिड ग्लायकोप्रोटीन कमी असते. हे प्रथिन औषधाला धरून ठेवते. ते कमी असल्याने मेंदू आणि हृदयापर्यंत पोहोचणारा मोकळा अंश वाढतो. यकृतातील विकरेही अजून पुरती तयार नसतात. एका मात्रेपेक्षा कॅथेटरमधून, म्हणजे आत ठेवलेल्या बारीक नळीतून, सतत चालणाऱ्या औषधाची मला अधिक धास्ती वाटते, कारण ते साचत जाते. नवजात बाळाला ताशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक देऊ नये आणि ४८ तासांनंतर ते सहसा बंद करावे.

विषबाधेची पहिली खूण म्हणून झटक्यांची वाट पाहण्यात अर्थ नसतो. भूल दिलेल्या बाळात, विशेषतः स्नायू शिथिल केलेले असताना, ते दिसतच नाहीत. ईसीजीतील बदलच आधी दिसू शकतो, म्हणून औषध थोडे-थोडे, दर वेळी सिरिंजचा पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहून, पडद्यावर नजर ठेवून द्यावे. तरीही हृदयाची लय बिघडलीच, तर औषध थांबवून ऑक्सिजन व पुनरुज्जीवनाच्या उपचारांसोबत २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून देण्याचे स्निग्ध द्रावण) किलोमागे १.५ मिली, म्हणजे या बाळाला ४.५ मिली, द्यावे लागते. ती बाटली ऑपरेशन थिएटरमध्येच असावी, कारण स्टोअरची किल्ली शोधण्याइतका वेळ त्या क्षणी हाताशी नसतो.