रिकामा डबा, उतरलेली शुगर

पाच आठवडे मी ज्या ग्राफचं कौतुक करत होते तो भुकेचा ग्राफ होता, हे मला सहाव्या आठवड्यात कळलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

मी आहारतज्ज्ञ आहे. आमच्या दवाखान्यात डायबेटिस आणि बीपी दोन्ही असलेल्या वस्तीतल्या पेशंटना आठवड्यातून पाच दिवस दुपारचा डबा द्यायचा, १२ आठवडे, आणि आकडे बघायचे असा प्रकल्प होता. डब्यात काय असावं हे मी ठरवलं आणि त्याचा मला अभिमान आहे, अजूनही आहे. अर्धा डबा भाजी, पाव भाग कडधान्य नाहीतर अंडं, भात उरलेल्या पावात. मिठावर तर मी आणि स्वयंपाकघरातल्या ताईंनी तीन आठवडे घासाघीस केली. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट चमचा, तोही दिवसभराचं सगळं जेवण धरून. एकदम कमी केलं की लोक डबा बाजूला सारतात आणि घरी वरून मीठ घालून खातात, म्हणून दर आठवड्याला थोडं थोडं उतरवलं आणि लिंबू, लसूण, भाजलेलं जिरं वाढवत नेलं. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, पण होते. कुणीतरी सुचवलं की पोटॅशियमवालं मीठ वापरा, बीपीला चांगलं. चांगलं आहे खरं, पण आमच्या निम्म्या पेशंटच्या किडनीचे रिपोर्टच नव्हते, आणि किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम साठून हृदयावर येऊ शकतं. मी नाही म्हटलं. आजही म्हणेन.

तर ज्यांचा हा ग्राफ, त्या मावशी. वय साठीच्या आसपास. सकाळी डायबेटिसच्या दोन गोळ्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, सोबत बीपीची गोळी. सुरुवातीला उपाशीपोटी शुगर १९० च्या घरात, पाचव्या आठवड्यात ११२. वजन तीन किलो उतरलं, बीपीसुद्धा खाली. मीटिंगमध्ये त्यांचा ग्राफ मी स्वतः दाखवला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी महिन्याची २८ तारीख. अकराच्या सुमारास मावशी डबा घ्यायला आल्या आणि रांगेतच खाली बसल्या. घामाने भिजलेल्या, हात थरथरतायत, नाव विचारलं तर भलतंच उत्तर. रांगेतलं कुणीतरी म्हणालं बीपी वाढलं असेल, आमच्या सहकाऱ्याने बीपीचा पट्टाही काढला. मी म्हटलं आधी बोट टोचा. शुगर ४६.

गिळता येत होतं म्हणून साखरपाणी दिलं, साधारण १५ ग्रॅम साखर, आणि घड्याळ लावून १५ मिनिटं थांबले. ६३. परत तेवढंच. मग ९१. आता बरं वाटतंय, जाते घरी, म्हणाल्या. जाऊ दिलं नाही, कारण ग्लिमेपिराइडचा असर लांबतो, शुगर पुन्हा घसरते. जेवायला घातलं, डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि दर तासाला शुगर बघितली.

त्या बसवून ठेवलेल्या वेळात मी विचारलं, मावशी, काल डबा खाल्लात का? खाल्ला की. सगळा? यावर गप्प. मग बऱ्याच वेळाने, "दोन नातवंडं आहेत गं घरात. त्यांच्यासमोर मी एकटीच कशी खाऊ?" काल रात्री काय खाल्लं विचारलं तर काहीच नाही, घरातलं संपलं होतं, पगार पुढच्या आठवड्यात. गोळी मात्र आज सकाळी घेतली होती, कारण "तूच म्हणालीस ना, गोळी चुकवायची नाही."

मीच म्हणाले होते.

ग्लिमेपिराइडची गोळी पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. आणि शुगर चांगलं खाल्ल्यानं उतरली की न खाल्ल्यानं, हे मीटर सांगत नाही, तीन महिन्यांची सरासरीसुद्धा सांगत नाही. २०१४ साली कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांच्या नोंदींवर एक अभ्यास आला होता. त्यात कमी उत्पन्नाच्या लोकांमध्ये शुगर उतरून भरती होण्याचं प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त निघालं. मी तो वाचला होता, दुसऱ्यांना समजावूनही सांगितला होता, आणि माझ्याच रांगेत २८ तारखेला बसलेल्या बाईला विचारायचं मला सुचलं नव्हतं.

आमच्या फॉर्मवर प्रश्न होता, डबा संपला का? रोज "हो" लिहिलेलं, कारण डबा रिकामा परत यायचा. कुणी संपवला हे विचारायला रकानाच नाही. भूक तपासायला दोन साधे प्रश्न पुरतात, पैसे यायच्या आधी घरातलं अन्न संपेल अशी काळजी वाटली का, आणि खरंच संपलं का. अर्धं मिनिट लागतं. फॉर्म बनवणाऱ्यांना ते विषयाबाहेरचं वाटलं होतं. आणि वजन उतरत होतं, शुगर उतरत होती, तरी गोळीचा डोस बघा म्हणून तिसऱ्या आठवड्यात मी बोलले तेव्हा उत्तर आलं की आकडे छान आहेत, कशाला हात लावायचा. तिथे मी अजून जोर लावायला हवा होता.

ग्लिमेपिराइड त्याच संध्याकाळी बंद झालं. घरासाठी जास्तीचे डबे मागितले तर वरून उत्तर, लाभार्थी एक तर डबा एक, नाहीतर आकड्यांचा हिशोब लागणार नाही. मला हे पटत नाही. एका घरात एकाच माणसापुरतं जेवण पाठवलं की ते वाटलं जाणारच, आणि वाटणारी बहुतेक वेळा आजीच असते. मी परत लिहून दिलंय, अजून उत्तर नाही.

पुढच्या आठवड्यात मावशी आल्या, डबा नेहमीसारखा घासूनपुसून लख्ख. मी विचारलं, काल कुणी खाल्लं? जरा थांबून म्हणाल्या, "अंडं धाकट्याला दिलं. बाकी मी." फॉर्मवर रकाना नव्हता म्हणून मी ते समासात लिहिलं.