दंड नसलेला गजर

फोनमधल्या गजरांची यादी कधीतरी सलग वाचून बघावी. उठायचा गजर, औषधाचा, मीटिंगचा, कर्जाच्या हप्त्याचा, मुलांच्या फीचा. माझ्या यादीत या सगळ्यांच्या मध्येच एक आहे, 'मनन', म्हणजे देवापाशी बसायचा. वाजतो तोही त्याच सुरात. हप्ता चुकला तर दंड बसतो. मीटिंगला उशीर झाला की साहेबांचा फोन येतो. औषध चुकलं की अंग बोलायला लागतं. मनन चुकलं तर काहीच होत नाही, कुणी विचारतही नाही. ज्या कामाला दंड नाही ते पुढे ढकललं जातं, आणि देवाने तर दंड न लावायचंच ठरवलेलं दिसतं. तो वाट बघत बसतो. त्यामुळे धावपळीच्या दिवसात पहिली कात्री लागते ती त्याच्या वेळेला.

गंमत अशी की गजर मुळात त्याच्यासाठीच होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहून ठेवला. दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा उपासना. इशारा कानी पडला की हातात असेल ते टाकून निघायचं, लगबगीने, पण पोरकटपणा न करता. (म्हणजे धावत-धडपडत प्रार्थनेला पोचणारी मंडळी तेव्हाही होती!) इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या कॅथेड्रलमध्ये चौदाव्या शतकातलं मानलं जाणारं एक घड्याळ आहे. त्याला तबकडीच नाही. ते वेळ दाखवत नाही, फक्त तासांचे टोले देतं. आणि त्या टोल्यांना 'दहा मिनिटांनी पुन्हा वाजा' असं सांगायची सोय नव्हती.

धकाधकीच्या आयुष्यात विश्वास कसा टिकवायचा, असा विषय निघाला की चर्चमधल्या उपदेशात बायबलमधली मार्था येतेच. तिची बहीण मरीया घरी आलेल्या प्रभू येशूच्या चरणांशी बसून ऐकते आहे, मार्थाची स्वयंपाकघरात तारांबळ चालली आहे, आणि शेवटी ती पाहुण्याकडेच तक्रार करते, हिला मला मदत करायला सांगा. 'तू पुष्कळ गोष्टींची काळजी आणि दगदग करतेस,' असं प्रभू तिला म्हणतो. इथे उपदेशक थांबतात आणि ऐकणाऱ्यांतले निम्मे लोक खाली मान घालतात. मला मात्र मार्थाची बाजू घ्यावीशी वाटते. घरी पाहुणे आल्यावर चूल कुणीतरी पेटवायलाच हवी होती, आणि प्रभूने तिच्या कामाला नावं ठेवलेली नाहीत, काळजीला ठेवली आहेत. शिवाय लूकचं शुभवर्तमान मिटून योहानाचं उघडलं तर तीच मार्था वेगळी दिसते. भाऊ लाजर गेलेला आहे, मरीया घरात बसून आहे, आणि येशू येतोय असं कळताच उठून वाटेवर त्याला गाठते ती मार्था. 'तू देवाचा पुत्र ख्रिस्त आहेस' हे ऐन दुःखात तिच्या तोंडून निघतं. पुढच्याच अध्यायात पुन्हा भोजन आहे, आणि योहान तीनच शब्द लिहितो: मार्था वाढत होती. या वेळी तक्रार नाही आणि कानउघाडणीही नाही. काम तेच आहे. हा भाग उपदेशात का येत नाही, कोण जाणे.

दुसऱ्या टोकाला 'काम हीच माझी प्रार्थना' म्हणणारे असतात. त्यांचा आवडता साक्षीदार म्हणजे ब्रदर लॉरेन्स. पायाला जखम झालेला हा माजी सैनिक सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाइट या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठात आचारी झाला. स्वयंपाकाची त्याला मनापासून नावड होती. तरी भांड्यांच्या खडखडाटातही आपल्याला देवाचा सहवास प्रार्थनेच्या वेळेइतकाच लाभतो, असं तो सांगायचा. हे वाक्य आपल्याला फार सोयीचं पडतं. पण सुरुवातीची दहा वर्षं आपण बरंच सोसलं, असंही त्यानेच लिहून ठेवलं आहे, आणि मठाची घंटा त्याच्यासाठीही वाजत होतीच. ही दहा वर्षं आणि ती घंटा वगळून नुसतं स्वयंपाकघर उचलायचं, याला मी आळस म्हणतो.

मला माझ्या दिवसाच्या सगळ्यात जवळचा वाटतो तो बायबलच्या जुन्या करारातला नहेम्या. पारसाच्या, म्हणजे इराणच्या, राजाला मद्याचा प्याला देणारा प्यालेबरदार, म्हणजे नोकरदार माणूस. आपल्या लोकांच्या यरुशलेमेची (जेरुसलेमची) तटबंदी पडून आहे या बातमीने त्याचा चेहरा उतरलेला, आणि राजासमोर उतरलेला चेहरा घेऊन उभं राहणं धोक्याचं. राजा विचारतो, तुझं मागणं काय? नहेम्या लिहितो की तेव्हा मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली, आणि राजाला म्हणालो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या फटीत ही प्रार्थना बसली आहे. गुडघे टेकलेले नाहीत, डोळे मिटलेले नाहीत, बहुधा ओठही हलले नसतील. साहेबांच्या केबिनमध्ये, तपासणीच्या खोलीबाहेर, मुलाला काहीतरी तोडून बोलायच्या आधी, एवढी फट मिळतेच.

पण नहेम्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचल्याशिवाय या फटीचं कोडं सुटत नाही. यहुदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात ती बातमी आली आणि राजाचा प्रश्न आला निसान महिन्यात. मधले सुमारे चार महिने हा माणूस शोक करत होता, उपास करत होता, रात्रंदिवस देवाला आळवत होता. ते चार महिने झाले होते म्हणून तो क्षण कामी आला. म्हणून मी 'मनन'चा गजर काढून टाकलेला नाही. कधी त्या वेळात एखादं स्तोत्र वाचून होतं, कधी येशूने शिकवलेली नुसती 'प्रभूची प्रार्थना'. ती सावकाश म्हटली तरी मिनिटाच्या आत संपते. पहिल्या शतकांतल्या 'डिडाखे' या ख्रिस्ती पुस्तिकेत ती दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे. तीनदा म्हणजे सगळी मिळून तीन मिनिटं. एवढाही वेळ नाही असं म्हणणाऱ्याची अडचण वेळेची नसावी.

आणि तरीही असे दिवस येतात की गजरही ऐकू येत नाही आणि फटही सापडत नाही. रुग्णालयातले दिवस, हिशेबाच्या अखेरीचे दिवस, घरात तान्हं बाळ असण्याचे दिवस. त्यांच्यासाठी मला सर जेकब ॲस्टलीची प्रार्थना पुरते. २३ ऑक्टोबर १६४२, एजहिल, इंग्लंडच्या यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई. साठी ओलांडलेला ॲस्टली राजाच्या पायदळाचा सेनानी. लढाईला तोंड फुटण्याआधी तो म्हणाला, प्रभू, आज मी किती कामात असणार हे तुला ठाऊक आहे. मी तुला विसरलो तरी तू मला विसरू नकोस. एवढं बोलून तो उठला आणि शिपायांवर ओरडला, "चला रे पोरांनो, पुढे!"