तुम्ही विचारलंत म्हणून: दोघांनाच शिडाची बोट झेपते का?

ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनियन बेटं आहेत. तिथे आम्ही नवरा-बायको शिडाची बोट भाड्याने घेऊन फिरतो हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "बोटीवर दोघंच? खलाशी वगैरे कोणी नाही?" आणि त्यामागोमाग, "मग आम्हाला जमेल का?"

जमेल. अट एकच: बोटीवरचं प्रत्येक काम दोघांनाही यायला हवं. एकाने कायम सुकाणूवर आणि दुसऱ्याने कायम दोर धरायला, अशी वाटणी करून निघालेली जोडपी तिथे दर बंदरात दिसतात. सुकाणूवरचा माणूस तापाने पडला की त्यांचा प्रवास तिथेच थांबतो. ग्रीसचा नियमही काहीसं हेच मागतो. कॅप्टनशिवाय बोट हवी असेल तर एकाकडे मान्य लायसन्स लागतं, उदाहरणार्थ ब्रिटनच्या आरवायए या संस्थेचं 'डे स्किपर' किंवा आयसीसी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. दुसऱ्या व्यक्तीला बोटीचा अनुभव असल्याचं लिहून द्यावं लागतं. लायसन्सची प्रत आधी कंपनीला पाठवा, लेखी होकार घ्या आणि मगच पैसे भरून शेंगेन व्हिसाच्या मागे लागा.

दोघांनी पहिल्यांदा जायचं तर आयोनियनलाच जावं, असं आमचं ठाम मत आहे. एजियन समुद्रातल्या मिकोनोस, पारोस, नॅक्सोसची छायाचित्रं जास्त मोहक दिसतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा वाहतो. तो वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफोर्टच्या मापावर ६-७ पर्यंत सहज जातो आणि कधी कधी तीन-चार दिवस रात्रंदिवस थांबत नाही. आयोनियनचा माईस्ट्रो हा वायव्येचा वारा. जमीन तापली की दुपारी उठतो, तीन-चारच्या सुमारास ४-५ बोफोर्टला, म्हणजे ११ ते २१ नॉटला (तासाला तितके सागरी मैल) पोचतो आणि सूर्यास्तानंतर पडतो. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्याची वेळ ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेळापत्रक नवं वाटणार नाही. लेफ्काडा बेटाच्या पूर्वेला मेगानिसी, कालामोस, कास्तोस आणि दक्षिणेला इथाका, केफालोनिया अशी बेटं जवळजवळ आहेत. त्यामुळे मोठी लाट आत फारशी येत नाही आणि एका बंदरापासून दुसरं बहुधा ८ ते १५ सागरी मैलांवर असतं. पाच नॉटने गेलात तर दोन-तीन तासांचा रस्ता. मुंबईच्या बंदरात चार-पाच मीटरची भरती-ओहोटी सांभाळत शिकलेल्यांना आणखी एक सुख आहे: इथे पाण्याची पातळी दिवसभरात जेमतेम वीत-दीड वीत हलते.

महिने म्हणाल तर मे अखेर ते जून, नाहीतर सप्टेंबर. सप्टेंबरात समुद्र उबदार असतो आणि गर्दी ओसरलेली असते, पण हवामानावर नजर हवी. १७-१८ सप्टेंबर २०२० ला 'इआनोस' नावाचं वादळ याच केफालोनिया-इथाकावर आदळलं आणि बंदरात बांधलेल्या बोटीही फुटल्या. अंदाज सकाळ-संध्याकाळ पाहायचा, एकाऐवजी दोन ठिकाणचा पाहायचा, आणि पुढच्या तीन दिवसांचा.

दोघांना ३३ ते ३६ फुटांची बोट पुरते. ४० फुटांची बोट आतून ऐसपैस वाटते, पण बाजूच्या वाऱ्यात तिचं पुढचं टोक वाहवलं की एका माणसाच्या आवाक्यात राहत नाही. ऑटोपायलट चालतोय का, हे बोट ताब्यात घेतानाच तपासा. शिडं चढवताना-उतरवताना सुकाणू तोच धरतो आणि तुमचे चार हात मोकळे होतात. मुख्य शीड डोलकाठीच्या आत गुंडाळलं जाणारं असेल तर ते अडकण्याचं कारण जवळपास नेहमी एकच असतं: गुंडाळताना शिडाच्या खालच्या टोकाचा दोर एकदम मोकळा सोडलेला असतो, आत सुरकुती पडते आणि ती फटीत बसते. त्या दोरावर थोडा ताण ठेवत हळूहळू आत घ्या. अडकलं तर विंचने (दोर ओढायच्या चक्रीने) जोर लावू नका. थोडं बाहेर काढून पुन्हा गुंडाळा. १५ नॉटला शीड पहिल्यांदा कमी करायचं, २० ला दुसऱ्यांदा. तिघा-चौघांची टोळी याहून जास्त शीड ठेवेल, दोघांनी ठेवू नये.

जोडप्यांची भांडणं होतात ती धक्क्याला लागताना, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. जागा कमी असल्यामुळे इथे बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत. समोर खोल पाण्यात नांगर टाकायचा, उलटं जायचं आणि मागची बाजू दोन दोरांनी बांधायची. सगळी तयारी बंदराबाहेर मोकळ्या पाण्यात करावी. शिडं आत. डिंगी (छोटी होडी) मागे ओढत असाल तर तिचा दोर आखूड करून ती पुढे बांधा, कारण तो दोर इंजिनाच्या पंख्यात जातो तो याच वेळी. दोन्ही बाजूंना तीन-तीन फेंडर (बोट घासू नये म्हणून लटकवायच्या हवेच्या उशा), मागे एक. मागचे दोन्ही दोर क्लीटला (बोटीवरच्या दोर बांधायच्या खुंटीला) बांधून, रेलिंगच्या बाहेरून फिरवून, वेटोळं करून हाताशी ठेवा. आतून गेलेल्या दोरावर ताण आला की रेलिंग वाकतं. विंडलासचा (नांगराची साखळी ओढणाऱ्या यंत्राचा) स्विच चालू करून नांगर वीतभर खाली सोडून पाहा. मग वारा कुठल्या बाजूचा आहे आणि शेजारच्या बोटींच्या साखळ्या कोणत्या दिशेला गेल्या आहेत ते नीट बघा.

आता हिशेब. पुढचं टोक धक्क्यापासून ४५ मीटरवर असताना नांगर सोडला, तर दहा मीटरची बोट धक्क्याला पोचेपर्यंत ३५ मीटर साखळी बाहेर जाते. पाच-सहा मीटर पाण्यात हे पुरेसं आहे. घाईने २५ मीटरवर नांगर टाकणाऱ्यांच्या वाट्याला १५ मीटर साखळी येते, आणि दुपारचा वारा वाढला की त्यांची बोट धक्क्यावर आपटते. सुकाणूवरच्याने आधी एक गोष्ट समजून घ्यावी: उलटं जाताना सुरुवातीचे काही मीटर बोट ऐकत नाही, पंख्याच्या फिरण्यामुळे बहुतेक बोटींची मागची बाजू डावीकडे सरकते. दोन नॉटच्या आसपास वेग आला की सुकाणू पाणी धरतं. म्हणून भीतीपोटी फार हळू जाऊ नका. पुढच्याने साखळी सैल सोडत राहायचं. ती मध्येच अडली की पुढचं टोक खेचलं जाऊन बोट आडवी होते. धक्का बोटीच्या एका लांबीइतका उरला की साखळी रोखायची, म्हणजे नांगर रुततो. आधी वाऱ्याकडच्या बाजूचा दोर बांधायचा, मग दुसरा. दोन्ही दोर थोडे सैल ठेवून इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर मागे चालवा. बोट धक्क्याकडे सरकली तर नांगर धरलेला नाही. बाहेर जाऊन सगळं पहिल्यापासून करायचं. त्यात कमीपणा काही नाही. शेवटी साखळी ताणून बोट धक्क्यापासून दीड-दोन मीटर दूर ठेवा, कारण मेगानिसीच्या वाथी बंदरात आणि केफालोनियाच्या फिस्कार्डोत फेरीबोटीच्या लाटा येतात.

साखळी अडण्याचं मूळ आदल्या दिवशीच्या उचलण्यात असतं. वर येताना ती पेटीत ढिगासारखी साचते, बोट कलली की ढीग कोसळतो आणि पुढच्या वेळी गाठ पडते. उचलताना मध्येमध्ये थांबून ढीग हाताने सपाट करा, आणि हात घालण्याआधी विंडलासचा स्विच बंद करा. बोटं तुटल्याचे अपघात याच ठिकाणी होतात. इंजिनाच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत आणि वरच्या पट्टीतला आवाज रागाचा वाटतो. सोड, थांब, उचल, पुढे, मागे या पाच गोष्टींच्या हाताच्या खुणा ठरवून घ्या आणि दर दिवशी जागा बदला.

इथाकाच्या किओनीसारख्या छोट्या बंदरात सकाळी निघताना आपल्या नांगरावर दुसऱ्याची साखळी आलेली असतेच. नांगर पाण्याच्या वर येईपर्यंत सावकाश उचला. दुसऱ्याच्या साखळीखालून एक दोर घालून त्याची दोन्ही टोकं आपल्या क्लीटला बांधा, म्हणजे तिचं वजन दोरावर येईल. मग आपला नांगर हातभर खाली सोडा, तो सुटेल. बोट थोडी मागे घेऊन दोराचं एक टोक सोडून द्या. दुसऱ्याची साखळी हाताने उचलायला जाऊ नका, तिच्या टोकाला दहा टनांची बोट असू शकते.

खाडीत मुक्काम करायचा तर तळ पाहून नांगर टाकावा. पाणी इतकं नितळ असतं की गडद आणि फिकट पट्टे वरून दिसतात. गडद पट्टा म्हणजे बहुधा पोसिडोनिया गवत. नांगर त्यावरून घसरतो आणि मुळं उपटली गेली तर ते परत वाढायला फार वर्षं लागतात. युरोपात ते संरक्षित आहे, आणि ते राखणं हे आपलंही काम आहे. फिकट पट्ट्यात, वाळूत टाका. पाण्याच्या खोलीत बोटीच्या टोकाची उंची मिळवून त्याच्या पाचपट साखळी: पाच मीटर पाणी, सव्वा मीटर उंची, म्हणजे ३०-३२ मीटर. नंतर साखळीला आकड्याने एक नायलॉनचा दोर अडकवून ताण क्लीटवर घ्या, विंडलास ताण सहन करण्यासाठी बनवलेलं नसतं. गॉगल लावून पोहत जाऊन नांगर रुतलाय का ते डोळ्यांनी पाहिलं की झोप चांगली लागते. लेफ्काडाच्या व्लिखो खाडीत चिखल आहे, नांगर उत्तम धरतो. मेगानिसीच्या अबेलाकी खाडीत मात्र नांगर टाकून मागून किनाऱ्यावरच्या झाडाला किंवा खडकाला ४०-५० मीटरचा दोर बांधतात. एकाने सुकाणू सांभाळायचं आणि दुसऱ्याने पायात चप्पल घालून पोहत दोर न्यायचा. खडकांवर काटेरी सागरी साळी असतात.

मार्ग आखताना एक गोष्ट विसरली जाते: जाताना वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर. लेफ्काडा शहरातून कालवा उतरून निद्री, मेगानिसी, कास्तोस, किओनी असं खाली जाणं सोपं. परतीला फिस्कार्डोहून लेफ्काडाच्या सिवोटाला सकाळी लवकर निघा, वारा उठायच्या आत निम्मं अंतर इंजिनवर कापून होतं. सात दिवसांची बोट असेल तर चौथ्या दिवशी सगळ्यात लांबचं टोक गाठलेलं असावं. आमची शिफारस चौदा दिवसांची आहे, त्यातही दर तिसऱ्या दिवशी बोट हलवायचीच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दोनच्या आत बंदरात शिरा. नंतर जागाही मिळत नाही आणि वाराही चढलेला असतो. सिवोटात आणि मेगानिसीच्या स्पार्तोखोरीत खानावळींचे स्वतःचे धक्के आहेत, रात्री तिथे जेवलात की बांधायचं भाडं सहसा पडत नाही.

पाण्याच्या टाकीत २०० ते ३०० लिटर मावतं. जपून वापरलं तर दोघांना पाच दिवस जातं. छोट्या बेटांवर पाणी मिळेलच असं नाही, म्हणून मोठ्या बंदरात टाकी भरूनच निघा. तीन लिटरचा कुकर घरून न्या. मुगाच्या खिचडीला गॅस कमी लागतो, आणि झाकण घट्ट असल्यामुळे बोट कलली तरी सांडत नाही. डाळ-तांदूळ, पोहे, मेतकूट चालतं. तूप, पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे. नांगरावर असताना बॅटरी खातो तो फ्रिज. चालू असताना तो चार-पाच अँपिअर घेतो आणि दिवसभरात पन्नास अँपिअर-तास सहज जातात. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून रात्री फ्रिज कमी करा आणि रोज तास-दीड तास इंजिन चालेलच असं पाहा. संडासात कागद टाकायचा नाही. हातपंप वीस वेळा मारला की नळी साफ होते. तुंबली तर ती खोलण्याचं काम तुमचंच.

बोट लागण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आदल्या रात्रीच घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. आलेपाकाने बऱ्याच जणांना बरं वाटतं. खाली केबिनमध्ये मात्र जाऊ नका. सुकाणू हातात घ्या आणि क्षितिजाकडे बघा.

आता सर्वात महत्त्वाचं. दोघांतला एक पाण्यात पडला तर बोटीवर एकच उरतो, आणि त्याला एकट्याला सगळं करावं लागतं. म्हणून पडायचंच नाही: १५ नॉटच्या वर किंवा एकटा वर असताना लाइफजॅकेट घातलेलं आणि पट्टा बोटीला अडकवलेला. तरीही पडलाच तर बोट ताबडतोब वाऱ्यात वळवून पुढचं शीड न सोडता थांबवायची, तरंगणारी कडी फेकायची, चार्टप्लॉटरवर (नकाशाच्या पडद्यावर) एमओबीचं, म्हणजे 'माणूस पाण्यात'चं बटण दाबायचं आणि व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर मेडे हा संकटाचा संदेश द्यायचा. पाण्यात दोर नाही हे पाहूनच इंजिन लावायचं, आणि माणसाजवळ गेल्यावर गिअर न्यूट्रल. वर काढणं सर्वात अवघड असतं. ओल्या कपड्यांतला माणूस हाताने उचलता येत नाही. मागची शिडी, नाहीतर शीड चढवण्याचा दोर लाइफजॅकेटच्या कडीला अडकवून विंचने वर घ्यायचं. पहिल्याच दिवशी शांत पाण्यात एक फेंडर टाकून दोघांनी आळीपाळीने ते एकट्याने उचलून पाहा. ज्याला जमणार नाही, त्याला जमेपर्यंत पुढे निघू नका.

बोट बहुतेक ठिकाणी शनिवार ते शनिवार मिळते, पण शुक्रवारी संध्याकाळी मूळ बंदरात परत आणायची असते. डिझेल त्याच दिवशी भरा. पंपावर रांग असते, म्हणून चारच्या आत पोचा. लहान इंजिन तासाला दोन-तीन लिटर पितं, तेव्हा बिल मोठं येत नाही. पाणबुड्या खालून तळ आणि सुकाणू पाहतो, मग अनामत रक्कम सुटते. ताब्यात घेताना बोटीवरच्या प्रत्येक ओरखड्याचे फोटो काढून ठेवले असतील तर हे पंधरा मिनिटांत उरकतं.