सर्व्हे बीडमध्ये, नोकरी पुण्यात

एमएसडब्ल्यू किंवा एमए झालेली मराठवाड्यातली बरीच मुलंमुली मला विचारतात, ताई, पॉलिसी रिसर्चमध्ये, म्हणजे सरकारी योजना-धोरणांच्या अभ्यासात, यायचंय पण घर सोडून नाही, होईल का? खरं सांगायचं तर काम आपल्याकडे भरपूर आहे पण पोस्ट पुण्या-मुंबईत आहेत. गोखले इन्स्टिट्यूट (अर्थशास्त्राची संशोधन संस्था) आणि यशदा (सरकारी अधिकाऱ्यांची प्रशिक्षण संस्था) पुण्यात, टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आणि आयआयपीएस (लोकसंख्या अभ्यासाची संस्था) मुंबईत देवनारला, सीएसआरवाल्यांची, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा पैसा सांभाळणाऱ्यांची, मोठी ऑफिसं पण तिकडेच. टिसचा एक कॅम्पस तुळजापूरला आहे हे मात्र लक्षात ठेवा.

आपल्याकडे निघतं ते फिल्ड इन्व्हेस्टिगेटरचं काम. दोन-तीन महिने टॅबवर फॉर्म भरायचे, पैसे बऱ्याचदा फॉर्ममागे, आणि फॉर्म सबमिट झाला की तुमचा त्या डेटाशी संबंध संपला. मला याचा मनापासून राग येतो, कारण नुकसान फक्त पोरांचं होत नाही, रिसर्चचं पण होतं.

बीडचंच बघा. दिवाळीच्या आसपास माणसं ऊसतोडीला जातात, त्यामुळे जानेवारीत सर्व्हे लावला की वस्तीवर घरामागून घराला कुलूप. टॅबवर 'घर बंद' टाकायचं नि पुढे जायचं, म्हणजे ज्यांच्यासाठी योजना आखायची तेच रिपोर्टमधून गायब. जे भेटतात त्यातल्या बाईला विचारायचं, तुमची स्वतःची कमाई किती? ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मजुरी टनावर, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली, हिशोब नवऱ्याशी, ती आकडा कुठून सांगणार? फॉर्म भरणाऱ्या पोरीला हे सगळं माहीत असतं कारण तिचे आईबाप पण कोयत्यावर गेलेले असतात, पण प्रश्नावली बनवताना तिला कोणी बोलवत नाही.

आणि जिल्ह्यात बसून मोठं संशोधन होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी गडचिरोली दाखवते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, बाळांचे मृत्यू किती कमी झाले ते मोजलं आणि १९९९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात त्यामागे हे काम आहे.

आता नोकऱ्यांचं. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, त्यातल्या २०२० च्या बदलानंतर परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, याचा फटका जिल्ह्यातल्या छोट्या संस्थांना जास्त. उलट २०२१ पासून ज्या कंपन्यांचं सीएसआर बंधन १० कोटी किंवा जास्त आहे त्यांना १ कोटी आणि वरच्या प्रोजेक्टचं इम्पॅक्ट असेसमेंट (कामाचा परिणाम किती झाला याची तपासणी) बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावंच लागतं, त्यामुळे तिथे माणसं लागतात. मुख्यमंत्री फेलोशिप पण बघा, वर्षभराचीच असते पण सरकारी फाईल कशी हलते ते आतून कळतं.

फिल्डचं काम घेतलंत तर सुरुवातीलाच बोलून घ्या की पायलटला (आधीच्या छोट्या चाचणी सर्व्हेला) आणि डेटा क्लीनिंगला (आलेल्या माहितीतल्या चुका काढायला) मी बसणार, नाही म्हणाले तरी विचारा. एक्सेल पक्कं करा, मग आकडेवारीच्या स्टाटा किंवा आर या सॉफ्टवेअरपैकी एक, आर फुकट आहे. आणि लातूर, बीड, परभणी, धाराशिव इथे बसून करायची ॲनालिस्टची ॲड कुणाला दिसली तर खाली कमेंटमध्ये टाका, पगार लिहिलेला असेल तर तोही टाका.